मालवणात जागा घेण्याआधी

शहर सोडून कोकणात चार माड, थोडी बागायत आणि स्वतःचे घर असावे, असे अनेकांना वाटते. मालवण तालुका त्यासाठी चांगला आहे, पण जागा मे महिन्यात पाहावी. इथे पावसाळ्यात भरपूर पाऊस पडतो. तरी सच्छिद्र जांभ्यातून पाणी वाहून जाते आणि उन्हाळ्यात अनेक विहिरी तळ गाठतात. खाडीकाठी पाणी मचूळ लागते, म्हणून ते चाखून बघावे.

जमिनीप्रमाणे पीक ठरते. कातळावर व वरकस जमिनीत हापूस आणि काजू येतात. माड-सुपारीला बारमाही ओलावा हवा. माकडे आणि रानडुकरे यांचा उपद्रव शेजाऱ्यांना विचारून घ्यावा.

कागद पाहणे सर्वांत महत्त्वाचे. सातबाऱ्यावर भावकीतील अनेक नावे असतात. मुंबईतल्या सहहिस्सेदारांचीही संमती लागते. १९४८च्या कूळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन सहसा घेता येत नाही. किनाऱ्यालगत बांधकामावर सीआरझेडचे (किनारी नियमन क्षेत्राचे) निर्बंध आहेत. वाट नकाशावर आहे की केवळ वहिवाटीची, हेही तपासावे.

मालवणात रेल्वे नाही. कुडाळ, सिंधुदुर्गनगरी किंवा कणकवली गाठावे लागते. जिल्हा रुग्णालय ओरोसला (सिंधुदुर्गनगरीत) आहे. म्हातारपणाचा विचार करून हे अंतर मोजावे.

पाणी, वाट आणि सातबारा या तिन्हींची खात्री पटल्याशिवाय विसार देऊ नका.