अर्धांगवायू : पहिल्या काही तासांचे मोल

गेल्या सुगीच्या दिवसांत एका घरून आजाऱ्यासाठी प्रार्थनेला बोलावणे आले. घरधन्याचा उजवा हात सकाळी धार काढताना लुळा पडला होता, जीभ अडखळत होती. 'गारठा बाधला' म्हणून घरच्यांनी तेल चोळले, शेक दिला, दुपारी झाडपाल्याचे औषध आणले. मी पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. माणूस वाचला, पण हात आणि वाचा परत आली नाही. घरच्यांनी सेवा मनापासून केली. मात्र ज्या वेळात उपाय होता ती वेळ हातची गेली. ती वेळ किती आणि का, हे प्रत्येक घराने जाणून घ्यावे म्हणून हा लेख.

मेंदूला रक्त कमी पडले तर

आपला मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटाच घेतो. त्याच्याजवळ साठा मुळीच नसतो. रक्त सतत वाहते राहिले तरच तो चालतो. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की त्या वाहिनीवर अवलंबून असलेला भाग बंद पडतो. हाच बहुतेक वेळा अर्धांगवायू, म्हणजे लकवा. काही वेळा वाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. मुंबईत २००५–०६ साली झालेल्या नोंदणीत, स्कॅन झालेल्या रोग्यांपैकी सुमारे ८० टक्के रोगी रक्त अडलेले होते.

रक्त अडले तरी सगळा भाग एकदम मरत नाही. शेतकऱ्याला हे सहज कळेल. पाट तुंबला की ज्या वाफ्याला थेंबही पोचत नाही, तिथले रोप आधी करपते. शेजारच्या वाफ्यात पाझराची थोडी ओल असते. तिथले रोप मान टाकते, पण मुळे जिवंत असतात. वेळेवर पाणी सोडले तर ते तरारते. उशीर केला तर तेही वाळते.

मेंदूतही असेच घडते. १९७० च्या दशकात लंडनमध्ये लिंडसे सायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बबून माकडांवर प्रयोग करून हे दाखविले. निरोगी मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळते. ते २० च्या खाली गेले की पेशी काम थांबवितात, पण जिवंत राहतात. १० च्या आसपास गेले की मरू लागतात. या दोहोंमधल्या मान टाकलेल्या भागाला शास्त्रज्ञांनी १९८१ साली ग्रहणातल्या उपच्छायेचे नाव दिले. रोगी वाचवायचा म्हणजे ही उपच्छाया वाचवायची.

ती किती वेगाने नाहीशी होते? मोठी वाहिनी अडली असता मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब अमेरिकेतले डॉ. जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली मांडला. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन ३ तासांच्या आत दिले तर गुण येतो, हे १९९५ साली सिद्ध झाले. २००८ साली ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. २०१५ पासून मोठी गुठळी नळीवाटे ओढून काढण्याचा उपायही मान्य झाला आहे. निवडक रोग्यांत तो २४ तासांपर्यंत करता येतो, पण जितका लवकर तितका बरा.

हा आजार शहरी नव्हे

गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' संस्थेचे डॉ. योगेश्वर कळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतील मृत्यूंची दोन वर्षे, २०११ ते २०१३, नोंद ठेवली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ अर्धांगवायूने झाले. दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने इतकी माणसे गेली नाहीत. आणि या २२९ मधील ८७ टक्के घरीच मरण पावली.

खुणा ओळखा

१. हसायला सांगा : तोंड एका बाजूला वाकडे होते का?
२. दोन्ही हात वर करायला सांगा : एक खाली घसरतो का?
३. एक साधे वाक्य बोलायला सांगा : जीभ जड आहे का, शब्द सापडत नाहीत का?

यांपैकी एकही खूण अचानक दिसली तरी ताबडतोब निघा. खूण दहा मिनिटांत नाहीशी झाली तरी दवाखान्यात जाच; तो मोठ्या झटक्याचा इशारा असतो.

काय करावे, काय टाळावे

१०८ ला फोन करा. जिथे रात्रंदिवस सी.टी. स्कॅनची सोय आहे असेच इस्पितळ गाठा. वडगावकडच्यांना बेळगाव जवळ. निपाणीकडच्यांना कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव सुमारे ७५. इथे राज्याची हद्द पाहू नये, वेळ पाहावी. रोगी शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ती वेळ कागदावर लिहून न्या; इंजेक्शन द्यायचे की नाही हे त्यावर ठरते. चालू औषधांच्या चिठ्ठ्याही सोबत घ्या.

पाणी, चहा, औषध काही पाजू नका; गिळता न आल्यास ते फुप्फुसात जाते. ॲस्पिरिनची गोळी आपल्या मनाने देऊ नका. रक्तस्राव असेल तर ती घातक ठरेल आणि स्कॅनशिवाय तो कळत नाही. चोळणे, डाग देणे, कबुतराचे रक्त लावणे यांत फक्त वेळ जातो.

आधीच जपावे

रक्तदाब वाढणे हे सर्वांत मोठे कारण, आणि तो बहुधा दुखत नाही. चाळिशीनंतर वर्षातून एकदा तरी तपासून घ्या. गोळी सुरू झाली की 'बरे वाटते' म्हणून सोडू नका. मीठ दिवसाला एका चमच्याच्या आत ठेवा. लोणचे, पापड, खारे मासे यांतलेही मीठ त्यात धरा. मधुमेह असल्यास तो आटोक्यात ठेवा.

तंबाखूविषयी या भागात बोलणे अवघड, कारण निपाणीच्या वखारींवर अनेकांची चूल पेटली आहे. पण बिडी ओढणाऱ्याला अर्धांगवायूचा धोका न ओढणाऱ्याच्या जवळजवळ दुप्पट असतो. तंबाखू चघळल्यानेही या आजाराने मरण येण्याची शक्यता वाढते. आयाबहिणींनी मिश्रीचाही विचार करावा.

आजाऱ्यापाशी आम्ही येऊच, दिवस असो वा रात्र. पण पहिला फोन १०८ ला करा, दुसरा आम्हांला.