बर्टनीकरण

बर्टनीकरण म्हणजे बिअर तयार करण्याच्या पाण्यात जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) व तत्सम क्षार मोजून मिसळण्याची प्रक्रिया. इंग्लंडमधील बर्टन अपॉन ट्रेंट या गावावरून तिला हे नाव मिळाले. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असल्याने त्यातील क्षारांचा परिणाम चवीवर होतो. घरगुती प्रमाणावर बिअर बनवणारे लोकही नळाच्या पाण्यावर ही प्रक्रिया करतात.

इतिहास

स्टॅफर्डशायर परगण्यातील बर्टन येथील विहिरींचे पाणी जिप्समयुक्त थरांतून झिरपत येते. त्यामुळे त्यात कॅल्शियम व सल्फेट यांचे प्रमाण फार मोठे असते. १८२० च्या दशकापासून तेथील ऑलसॉप, बास आदी उत्पादकांची फिकट रंगाची, कडवट बिअर जहाजांतून हिंदुस्थानात येऊ लागली. तीच पुढे 'इंडिया पेल एल' या नावाने प्रसिद्ध झाली. लंडनच्या पाण्यात तशी चव साधेना, म्हणून तेथील काही उत्पादकांनी बर्टनमध्येच कारखाने काढले. पुढे रासायनिक पृथक्करणातून पाण्याचे रहस्य उलगडले आणि स्थलांतराची गरज उरली नाही.

पाणी आणि बिअरचे प्रकार

प्रत्येक गावच्या पाण्याला मानवणारी बिअर तेथे विकसित झाली. बोहेमियातील पिल्झेन येथील पाणी अत्यंत मृदू आहे. तेथे १८४२ साली सोनेरी, सौम्य पिल्सनर बिअर जन्मास आली. डब्लिनच्या पाण्यात बायकार्बोनेट अधिक असते. भाजलेल्या काळ्या माल्टची आम्लता त्याचा समतोल राखते, म्हणून तेथे स्टाउट हा गडद प्रकार रुजला.

रासायनिक कारणे

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू. ते गरम पाण्यात भिजवले असता त्यातील विकरे पिष्टमय पदार्थांचे साखरेत रूपांतर करतात. या मिश्रणाचा सामू, म्हणजेच पीएच, साधारण ५.२ ते ५.६ असणे इष्ट असते. कॅल्शियम माल्टमधील फॉस्फेटशी संयोग पावून सामू उतरवते. बायकार्बोनेट तो चढवते. सामू जास्त राहिल्यास बिअरला तुरट चव येते. सल्फेटमुळे हॉप या वनस्पतीच्या फुलांचा कडवटपणा खुलतो, तर क्लोराइडमुळे चवीला भरीवपणा येतो.

नळाच्या पाण्याचे समायोजन

प्रथम पाणीपुरवठा संस्थेच्या अहवालातून कॅल्शियम, सल्फेट, क्लोराइड व बायकार्बोनेट यांचे प्रमाण पाहतात. त्यानंतरचे टप्पे असे :

* क्लोरीन काढणे : क्लोरीनमुळे बिअरला औषधासारखा वास येतो. पाणी उकळल्याने क्लोरीन निघून जातो. क्लोरामाइन मात्र सहज जात नाही, त्यासाठी अल्प मात्रेत मेटाबायसल्फाइट वापरतात.
* बायकार्बोनेट घटवणे : पाणी उकळून थंड केल्यावर तळाशी पांढरा साका बसतो, वरचे पाणी निवळून घेतात. क्षारविरहित पाणी मिसळणे किंवा लॅक्टिक आम्ल घालणे हे अन्य उपाय होत.
* क्षार मिसळणे : १० लिटर पाण्यात १ ग्रॅम जिप्सम विरघळवल्यास प्रतिलिटर सुमारे २३ मिलिग्रॅम कॅल्शियम व ५६ मिलिग्रॅम सल्फेट वाढते. म्हणजे २० लिटर पाण्यात ४ ग्रॅम जिप्सम घातल्यास अनुक्रमे सुमारे ४७ व ११२ मिलिग्रॅमची भर पडते.

मर्यादा

बर्टनचे आकडे जसेच्या तसे गाठणे हा या प्रक्रियेचा हेतू नव्हे. सल्फेट अतिरेकी झाल्यास कडवटपणा रुक्ष होतो. पाणी मुळातच क्षारयुक्त असेल तर जिप्सम घालून ते सुधारत नाही. आधी बायकार्बोनेट कमी करावे लागते. म्हणून हाती असलेले पाणी आणि अपेक्षित बिअर यांतील अंतर मोजणे ही पहिली पायरी ठरते.

कायदेशीर स्थिती

ब्रिटनमध्ये स्वतःच्या वापरासाठी घरी बिअर बनवण्यास १९६३ पासून परवाना लागत नाही. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या मद्यनिषेध अधिनियमानुसार परवान्याविना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे.