एका कड्याचे दोन उतार

कॅसलरॉक हे कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातले, जोयडा तालुक्यातले, सह्याद्रीच्या ऐन कड्यावरचे छोटे गाव आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ६०० मीटर. गावाच्या पश्चिमेला जमीन एकदम तुटते आणि खाली गोवा सुरू होतो. पूर्वेला मात्र डोंगर हळूहळू उतरत जातात. इथे पडणारा पाऊस त्यामुळे दोन वाटांनी समुद्राला मिळतो. कड्याच्या पश्चिम अंगाला पडलेले पाणी दूधसागरावरून कोसळून खांडेपार नदीतून मांडवीत जाते आणि पणजीजवळ समुद्र गाठते. पूर्व अंगाचे ओढे पांढरी नदीकडे वळतात, पांढरी सुपा इथे काळी नदीला मिळते आणि काळी लांबचा वळसा घेऊन कारवारला समुद्रात शिरते. या परिसरातले धबधबे, जंगलवाटा आणि किनारे पाहायचे तर या दोन पाण्यांच्या मागे जाणे हाच सर्वांत समजूतदार मार्ग.

महाराष्ट्रातला सह्याद्री ज्या काळ्या कातळाचा आहे, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. कॅसलरॉकच्या आसपास हा कातळ संपत येतो आणि त्याखालचे फार जुने खडक उघडे पडतात. त्यांचे वय अडीचशे कोटी वर्षांच्या पुढे जाते. म्हणूनच रायगड किंवा पुणे जिल्ह्यात दिसणारे पायऱ्यापायऱ्यांचे कडे इथे सहसा दिसत नाहीत. तरीही धबधबे भरपूर आहेत, कारण त्यांना लागणाऱ्या दोन्ही गोष्टी इथे आहेत: सरळ तुटलेली पश्चिम बाजू आणि अफाट पाऊस. अरबी समुद्रावरून येणारे ढग या भिंतीला अडतात, वर चढताना थंड होतात आणि कड्यावरच रिकामे होतात. हवामान खात्याच्या पावसाळ्यातल्या नोंदींत कॅसलरॉकचे नाव वारंवार वरच्या ओळींत असते. वर्षानुवर्षे पडणारे हे पाणी कड्याची धार झिजवत तिला थोडी थोडी पूर्वेकडे सरकवते. धबधबे म्हणजे या झिजेच्या चालू कामाच्या जागा.

त्यातला सर्वांत मोठा दूधसागर. तो गोव्याच्या हद्दीत, भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहे. उंची ३१० मीटर, सरासरी रुंदी ३० मीटर, आणि पाणी एका झेपेत न पडता चार टप्प्यांत उतरते. मधल्या अंगाला रेल्वेचा कमानदार पूल धबधब्याला आडवा जातो. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी कातळावर आपटून इतके फुटते की त्याचा रंगच जातो, आणि उडालेले तुषार पुलावरून जाणाऱ्या डब्यांच्या खिडक्यांतून आत येतात. पाणलोट लहान असल्याने पाऊस थांबला की धबधबा लवकर उतरतो. एप्रिल-मेमध्ये काळ्या खडकावर पाण्याच्या काही धाराच उरतात. छायाचित्रांतला दूधसागर पाहायला उन्हाळ्यात गेलेला माणूस निराश होतो, पण खडकाची रचना, त्याच्या भेगा आणि टप्पे नीट दिसतात ते याच दिवसांत.

धबधब्यासमोरून रेल्वे जाते याचे कारण सृष्टिसौंदर्य नव्हते, राजकारण आणि व्यापार होता. १८७८ साली ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात तह झाला, आणि त्यातून मुरगाव बंदर ब्रिटिश हिंदुस्थानातल्या रेल्वेला जोडण्याचे ठरले. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातला कापूस व धान्य मुरगावहून बाहेर पाठवायचे, हा हेतू. १८८८ साली घाटातून गाडी धावू लागली. वर कॅसलरॉकला ब्रिटिशांचे जकात नाके आणि खाली कुळे इथे पोर्तुगिजांचे, अशी दुहेरी तपासणी असे. प्रवाशाचे सामान घाटाच्या दोन्ही टोकांना उघडले जाई. गोवामुक्तीच्या लढ्यात हीच सरहद्द पेटली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींच्या तुकड्या अनेक बाजूंनी गोव्यात शिरल्या. कॅसलरॉकच्या बोगद्यावाटे निघालेल्यांवरही पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या झाडल्या. त्या वर्षी तुटलेली रेल्वे १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यानंतरच पुन्हा जोडली गेली. आज हिरवाईचे फोटो काढत घाटातून जाणाऱ्या प्रवाशांना हा बोगदा कोणत्या रक्ताने ओळखला जायला हवा हे सांगणारे फारसे कोणी भेटत नाही, ही खरी खंत आहे.

हा घाट रेल्वेच्या लोकांत ब्रागांझा घाट म्हणून ओळखला जातो. कॅसलरॉक ते कुळे हे अंतर सुमारे २६ किलोमीटर आणि तीव्र उतार ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की गाडी १ मीटर खाली. मालगाडीसाठी हा चढ फार मोठा. मुरगावचा कोळसा वर नेणाऱ्या गाड्यांना मागून-पुढून जादा इंजिने लावावी लागतात, त्यांना बँकर म्हणतात. उतरणारी गाडी कॅसलरॉकला थांबवून तिचे ब्रेक तपासले जातात, मगच तिला सोडतात. पावसाळ्यात रात्री दरडींवर नजर ठेवायला गस्तीचे कामगार रुळांवरून चालत असतात. हातात बत्ती, अंगावर रेनकोट आणि जवळ रुळावर लावायचे इशाऱ्याचे फटाके. रूळ अडलेले दिसले तर गाडीच्या वाटेवर ते फटाके लावून ठेवायचे. चाकाखाली आवाज झाला की चालक गाडी थांबवतो. गोवा एक्स्प्रेसने मिरज-बेळगाव-लोंढामार्गे जाणारा मराठी प्रवासी दूधसागर सुखाने पाहतो, तो या माणसांच्या जोरावर.

पूर्वी कॅसलरॉकला उतरून रुळांवरून चालत दूधसागर गाठणे ही तरुणांची आवडती मोहीम होती. ती वाट आता बंद आहे आणि बंदच राहायला हवी. अरुंद बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते आणि पावसाच्या आवाजात इंजिनाचा आवाज जवळ येईपर्यंत कळत नाही. रेल्वे कायद्यानुसार रुळांवरून विनापरवाना चालणे हा गुन्हा आहे. २०२३ च्या जुलैत शेकडो जण तरीही तिथे पोचले, तेव्हा रेल्वे सुरक्षा दलाने त्यांना परत पाठवले आणि काहींना उठाबशा काढायला लावल्या. त्याच महिन्यात नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाल्यावर गोवा वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली. पायथ्याशी जायचा रीतसर रस्ता कुळ्याहून आहे. पाऊस ओसरला की साधारण ऑक्टोबरपासून तिथल्या जीपगाड्या नदीनाले ओलांडत जंगलातून धबधब्याखालच्या डोहापर्यंत जातात.

कड्याच्या वरच्या अंगाला मुक्काम करायचा असेल तर कुवेशी हे कॅसलरॉकजवळचे गाव सोयीचे. हा सगळा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात येतो. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ साली हा प्रकल्प झाला आणि २०१५ साली त्याला काळी नदीचे नाव मिळाले. कुवेशीला वनखात्याने झाडांच्या शेंड्यांमधून चालण्याचा झुलता पूल बांधला आहे. जमिनीवरून दिसते ते जंगल म्हणजे खोडे, वेली आणि पालापाचोळा. पुलावरून मात्र पाने, फुले, फळे आणि त्यांच्यावर जगणारे पक्षी यांचा वरचा मजला समोर येतो. मोठा धनेश आणि मलबार कवड्या धनेश हे या मजल्याचे राजे. दोघेही जुन्या झाडांच्या ढोलीत घर करतात, त्यामुळे धनेश दिसला म्हणजे जंगलात जुनी झाडे टिकून आहेत असे समजावे. कुवेशी भागातून दूधसागराच्या माथ्याकडे जंगलवाटाही निघतात, पण त्या व्याघ्र प्रकल्पातून जातात आणि वनखात्याची परवानगी व सोबत वाटाड्या असल्याशिवाय त्यांवर पाऊल टाकू नये. पावसात जळवा असणारच. पायमोज्यांना मीठ किंवा तंबाखूची पूड चोळणे हा इथला जुना उपाय.

या जंगलाचे खरे वैभव मोठ्या जनावरांत शोधणाऱ्याच्या हाती बहुधा काही लागत नाही. ते ओढ्याच्या काठी, रात्री, बोटाएवढ्या प्राण्यांत सापडते. २००५ साली इंद्रनील दास आणि कृष्णमेघ कुंटे यांनी कॅसलरॉकहून बेडकाची एक नवी जात जगापुढे आणली. निक्टिबॅट्रॅकस पेट्रियस हे तिचे शास्त्रीय नाव. हा बेडूक दिवसभर ओढ्यातल्या दगडांखाली लपतो आणि रात्री बाहेर येतो. मादी अंडी पाण्यात घालत नाही, पाण्यावर झुकलेल्या पानावर किंवा ओल्या दगडावर घालते. अंड्यांतून सुटलेली पिले थेट खालच्या प्रवाहात पडतात. म्हणजे या प्राण्याला नुसते पाणी पुरत नाही. ओढ्यावर वाकलेली फांदी हवी, सावली हवी आणि हवेत ओल हवी. पर्यटक वाट मोकळी करायला तोडतात ती काठावरची झुडपे या बेडकाचे सूतिकागृह असते.

या जंगलातून रेल्वेचा दुसरा मार्ग टाकण्याच्या प्रस्तावावरून २०२० पासून गोव्यात मोठे आंदोलन उभे राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने कॅसलरॉक-कुळे दुहेरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द ठरवली.

दूधसागराचे पाणी ज्या मांडवीला मिळते, तिलाच वरच्या अंगाला म्हादई म्हणतात. तिचा उगम बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात देगावला. जांबोटीच्या परिसरात हीच नदी वज्रपोहा धबधब्यावरून खाली जाते. हा गावखेड्यांचा मराठी मुलूख आणि त्याला लागून भीमगडचे अभयारण्य. तिथल्या बारापेडे गुहेत वटवाघळाची एक अतिशय दुर्मीळ जात राहते. कड्याच्या गोव्याकडच्या पायथ्याला तांबडी सुर्ल हे कदंबकालीन महादेवाचे देऊळ आहे. दाट रानात, ओढ्याकाठी, काळ्या दगडात कोरलेले. घाट उतरून जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटा या बाजूने जात, म्हणूनच इतक्या आत इतके देखणे देऊळ उभे राहिले असावे.

आता दुसरे पाणी. काळी नदी जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ उगवते आणि १८४ किलोमीटर वाहून समुद्राला मिळते. पण ती फार काळ मोकळी वाहत नाही. गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचे सुपा धरण तिला अडवते. जुने सुपा गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठिकाण जोयड्याला आले. विस्थापित झालेल्या माणसांच्या गावावर आज निळे पाणी दिसते, हे धरण पाहणाऱ्याने विसरू नये. गणेशगुडीखाली नदीत राफ्टिंग चालते. त्याला लागणारे पाणी वीजघरातून सोडलेले असते, त्यामुळे पावसाळा संपल्यावर, इतर ओढे आटू लागतात तेव्हाही नदीला जोर असतो. काळीला मिळणाऱ्या कानेरी नदीकाठचा सिंथेरी खडक हा या बाजूचा सर्वांत भव्य देखावा: सुमारे ३०० फूट उंच अखंड दगड, त्याच्या पोटाशी पाण्याने कोरलेल्या कपारी आणि वर लटकणारी मधाची पोळी. पोळ्यांखाली आरडाओरडा करू नये, हे तिथे जाणाऱ्याला वेगळे सांगावे लागू नये.

जोयड्याहून कुंभारवाडा, अणशी आणि कद्रा असा रस्ता काळीच्या सोबतीने कारवारला उतरतो. अणशी घाट पावसाळ्यात दरडींमुळे मधूनमधून बंद पडतो, तेव्हा निघण्याआधी चौकशी करावी. वाटेतल्या कुणबी वस्त्या कंदांच्या शेतीसाठी प्रसिद्ध आहेत. कोन, कणगे, सुरण यांचे कितीतरी प्रकार त्यांनी परसात जपले आहेत आणि जोयड्याला दरवर्षी कंदांचा मेळाही भरतो.

कारवारला काळीचे मुख रुंद आहे. उत्तर काठावर सदाशिवगड, त्यापलीकडे देवबागची वाळू आणि सुरूची बने. शहराच्या किनाऱ्याला रवींद्रनाथ टागोरांचे नाव आहे. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ इथे जिल्हा न्यायाधीश असताना, १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला रवींद्रनाथ इथे राहून गेले आणि ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाटक त्यांनी इथेच लिहिले. उत्तरेला माजाळीच्या पुढे, गोव्याच्या सरहद्दीजवळ तिळमाती किनारा आहे. खडकांमधली ही छोटी पुळण तिळासारख्या काळ्या, भरड वाळूची आहे. मुठीत घेतलेली वाळू बोटांना चिकटत नाही, सरसरून गळते. शेजारच्या पांढऱ्या पुळणीपासून टेकडीची एक सोंड तिला वेगळी करते, आणि वाट त्या टेकडीवरूनच पायी जाते. कारवारच्या दक्षिणेचा किनारा मात्र नौदलाच्या ‘आयएनएस कदंब’ तळामुळे बराचसा बंद आहे. हा तळ २००५ साली कार्यान्वित झाला. किनाऱ्यालगत चालत जायचा बेत असेल तर त्यामुळे तो काळीच्या मुखापासून उत्तरेकडे, देवबाग, माजाळी आणि तिळमाती असाच आखावा लागतो, आणि तोही ऑक्टोबर ते मार्चमध्ये, समुद्र शांत असताना.