औषध तयार आहे, पण पेशीत पोहोचवणार कोण?

आमच्या शाळेतल्या सातवीच्या एका मुलाला थॅलेसेमिया आहे. दर तीन-चार आठवड्यांनी त्याला रक्त चढवावे लागते आणि त्या दिवशी हजेरीपटावर त्याची गैरहजेरी लागते. गेल्या महिन्यात पालकसभा संपल्यावर त्याची अम्मी मागे थांबली. मोबाइल पुढे करून म्हणाली, "सर, हे वाचा. जीन दुरुस्त करणारी सुई निघाली म्हणतात. आमच्या पोराला मिळेल का?"

व्हॉट्सअॅपवरच्या त्या निरोपात काही खरे होते, काही अर्धवट होते. लगेच 'हो' म्हणणे चूक ठरले असते आणि 'नाही' म्हणायला जीभ रेटेना. "भाभी, आठवडाभर द्या, वाचून सांगतो," असे म्हणून आम्ही वेळ मागून घेतला. त्या आठवड्यात जे वाचले, ते वाचकांच्या घरातही उपयोगी पडेल म्हणून येथे मांडत आहोत.

चिठ्ठी आणि लिफाफा

आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी प्रथिने बनवते. कोणते प्रथिन कसे बनवायचे, याचा मूळ ग्रंथ म्हणजे डीएनए. त्यातला हवा तो मजकूर उतरवून घेतलेली चिठ्ठी म्हणजे आरएनए. जनुकीय औषधे याच भाषेत बोलतात. कधी पेशीला नवी चिठ्ठी देतात, कधी चुकीची चिठ्ठी फाडतात, तर कधी मूळ ग्रंथातली चूकच दुरुस्त करतात.

अशी चिठ्ठी आता प्रयोगशाळेत लिहिता येते. अडचण आहे ती पोहोचवण्याची. उघडा आरएनए रक्तात सोडला तर तिथली विकरे काही मिनिटांत त्याचे तुकडे करतात. त्यातून वाचला तरी पेशीचे आवरण त्याला आत घेत नाही. म्हणून चिठ्ठीला लिफाफा लागतो.

पूर्वी हे काम निकामी केलेल्या विषाणूंकडून करून घेत, कारण पेशीत शिरणे हा विषाणूंचा धंदाच आहे. पण शरीर विषाणूला ओळखते आणि त्याच्यावर तुटून पडते. 1999 मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात यकृताचा जन्मजात विकार असलेल्या 18 वर्षांच्या मुलावर असा प्रयोग झाला. त्याच्या शरीराने विषाणूविरुद्ध इतकी तीव्र प्रतिक्रिया दिली की चार दिवसांत तो दगावला. त्या घटनेने हे सारे संशोधन बरीच वर्षे मागे पडले.

मेदाचा सूक्ष्म गोळा

दुसरा मार्ग माणसाने बनवलेल्या लिफाफ्याचा होता. कॅनडातील व्हँकुव्हरचे शास्त्रज्ञ पीटर कलिस आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षे त्यावर झटत होते. त्यातून मेदाचा नॅनो कण तयार झाला. त्याची जाडी साधारण 100 नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा जवळपास हजारावा भाग.

त्यात चार प्रकारचे मेद असतात. कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड कणाला घट्टपणा देतात. तिसरा मेद बाहेरून अस्तरासारखा असतो, त्यामुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत. चौथा सर्वात महत्त्वाचा. आम्लात त्याच्यावर धन विद्युतभार येतो आणि रक्तात तो जवळजवळ निर्भार राहतो. आरएनएवर ऋण भार असतो, म्हणून कण बनवताना आम्लाच्या द्रावणात हा मेद त्याला धरून ठेवतो. रक्तात मात्र निर्भार असल्याने तो पेशींना इजा करत नाही.

पुढे पेशी हा कण गिळते आणि एका इवल्याशा पिशवीत बंद करते. पिशवीतले आम्ल वाढत जाते तसा त्या मेदावर पुन्हा धन भार येतो. तो पिशवीचे आवरण फोडतो आणि चिठ्ठी पेशीत मोकळी होते. एवढे करूनही बरीचशी चिठ्ठी पिशवीतच नष्ट होते, फार थोडा भाग बाहेर पडतो.

अशा कणातून दिलेले पहिले आरएनए औषध, पॅटिसिरान, 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. नसांना हानी करणाऱ्या एका आनुवंशिक आजारावर ते देतात. दोन वर्षांनी कोरोना आला आणि फायझर-बायोएनटेक व मॉडर्ना यांच्या लशी याच लिफाफ्यातून कोट्यवधी लोकांपर्यंत गेल्या. आपल्या पुण्यातल्या जिनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला जून 2022 मध्ये मंजुरी मिळाली. ती 2 ते 8 अंशांवर, म्हणजे लशींच्या नेहमीच्या फ्रिजमध्ये ठेवता येते.

त्या काळात मोहल्ल्यात दोन अफवा फिरल्या होत्या. एक, या लशींनी डीएनए बदलतो. पण लशीतला आरएनए पेशीच्या केंद्रकात जातच नाही, काम झाले की तो विरघळतो. दुसरी, त्यांत डुकराची चरबी आहे. फायझर आणि मॉडर्ना या दोन्ही कंपन्यांनी आपल्या लशीत डुकरापासूनचा कोणताही घटक नसल्याचे तेव्हाच जाहीर केले होते.

मग ती सुई?

व्हॉट्सअॅपवरची बातमी 2025 ची होती, आणि तीही फिलाडेल्फियाचीच. यकृताचा दुर्मीळ विकार असलेल्या एका तान्ह्या बाळाच्या रक्तात विषारी अमोनिया साचत होता. 1999 च्या त्या मुलाचा आजार याच घराण्यातला होता. डॉक्टरांनी सुमारे सहा महिन्यांत खास त्या बाळाच्या डीएनएतली चूक दुरुस्त करणारे औषध बनवले आणि मेदाच्या कणांतून ते यकृतात पोहोचवले. विषाणू वाहक असता तर शरीराच्या प्रतिकारामुळे दुसरा डोस देणे अवघड झाले असते. या बाळाला तीन डोस देता आले आणि त्याची तब्येत सुधारली.

पण हे औषध यकृतासाठी होते. रक्तात सोडलेले मेदाचे कण बहुतेक यकृतातच जातात. रक्तातले एक प्रथिन त्यांना चिकटते आणि यकृताच्या पेशी त्या प्रथिनाला ओळखून कण आत ओढतात. थॅलेसेमियाची चूक सुधारायची तर अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींपर्यंत जावे लागते. तो पत्ता लिफाफ्यावर कसा लिहायचा, यावर सध्या जगभर काम चालू आहे.

तोवर जनुक दुरुस्तीचा मार्ग वेगळा आणि कठीण आहे. 2023 मध्ये मंजूर झालेल्या कॅसजेव्ही उपचारात मूळ पेशी शरीराबाहेर काढतात, विजेच्या झटक्याने त्यांची आवरणे उघडून औषध आत घालतात, रुग्णाला कडक केमोथेरपी देऊन त्या पेशी परत सोडतात. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर आहे. हाच उपचार उद्या एका सुईत मावला, तर गरिबाच्या दारापर्यंत येण्याची आशा धरता येईल. म्हणून हा लिफाफा इतका मोलाचा.

आठवड्याने आम्ही त्या अम्मीला हे सारे सांगितले. सुई आज नाही. आज वेळेवर रक्त आणि अंगात साचणारे लोह काढणारी गोळी न चुकवणे, हेच औषध. ही काळजी घेतली तर उद्याचा उपचार येईल तेव्हा पोरगा तो घ्यायला धडधाकट असेल, इन्शाअल्लाह.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, थोरलीचं नातं माझ्या भावाच्या घरी ठरतंय."

आता गप्प होण्याची पाळी आमची होती. मुलाला थॅलेसेमिया आहे म्हणजे आई-वडील दोघेही वाहक. त्यांची निरोगी मुलगी वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. मामाच्या घरातही तोच दोष असू शकतो. वाहक माणूस ठणठणीत दिसतो, पण दोन्ही वाहकांचा निकाह झाला तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी आजारी मूल होण्याची शक्यता राहते. दोघांपैकी एक जरी वाहक नसेल तरी मुलाला हा मोठा आजार होत नाही. हे कळायला एचबीए-टू नावाची रक्ततपासणी पुरते. आयुष्यात ती एकदा केली की बास.

वाचकहो, जगातल्या मोठ्या प्रयोगशाळा जो लिफाफा शोधत आहेत, तो येईल तेव्हा येईल. मंगनीची तारीख धरण्याआधी ही एक तपासणी आपल्या हातात आहे. त्यात मुलीची बदनामी नाही, नात्यावर अविश्वास नाही.

त्या अम्मीने भावाला फोन केला. गेल्या शुक्रवारी दोघांचे रक्त तपासायला दिले आहे. रिपोर्ट यायचा आहे.