ताईंना कोण शिकवतं?

बालशिक्षणाच्या इतिहासातल्या दोन तारखा कित्येक वर्षं माझ्या डोक्यातून जात नाहीत. २३ जून १९३९ रोजी गिजुभाई बधेका गेले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मारिया माँटेसरी मद्रासला आल्या. ज्या माणसाने आयुष्यातली सगळी उमेदीची वर्षं माँटेसरीबाईंचा विचार भारतीय मातीत रुजवण्यात घालवली, त्याची आणि बाईंची या देशात भेट होऊ शकली असती. ती पाच महिन्यांनी राहिली. झाली असती, तर एका मूलभूत वादाला तोंड फुटलं असतं असं मला वाटतं. मुलांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या घरात पाऊल टाकणाऱ्या शिक्षिकेला तयार कोणी करायचं, कसं करायचं, आणि ती तयार झाली हे ठरवायचं कोणी, हा तो वाद.

भावनगरची दक्षिणामूर्ती संस्था, ताराबाई मोडक, अनुताई वाघ, बोर्डी, कोसबाड ही नावं वाचकांना ठाऊक आहेत. पालकशिक्षण या अंगाने मात्र त्यांच्याकडे फारसं पाहिलं गेलेलं नाही. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या काळजीतून ते बालशिक्षणाकडे वळले आणि १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केलं. बालमंदिरात मोकळं झालेलं मूल घरी गेल्यावर पुन्हा धाकात वाढणार असेल तर अर्धं काम वाया जाणार, हे त्यांनी फार लवकर ओळखलं. त्यामुळे त्यांच्या लेखनाचा मोठा भाग आईबापांसाठी आहे. पण दोन-चार पुस्तकं वाचून घराघरातली वागणूक बदलत नाही. तिथे जाऊन बोलणारं माणूस लागतं, आणि त्या माणसालाही घडवावं लागतं. म्हणून अध्यापन मंदिर निघालं. ताराबाई १९२३ मध्येच भावनगरला आल्या होत्या, राजकोटची मुख्याध्यापकी सोडून. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. संघाच्या 'शिक्षणपत्रिके'कडे मी गावोगावच्या एकट्यादुकट्या शिक्षिकांचा महिन्याचा वर्ग म्हणून बघते. प्रशिक्षण घेऊन गावी परतलेल्या बाईला अडचण विचारायला कोणी नसतं. तिच्यापर्यंत दरमहा कोणाचा तरी अनुभव पोचणं ही केवढी मोठी सोय होती!

आता माँटेसरीबाईंकडे. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. युद्धकाळात इटालियन म्हणून त्यांचे पुत्र मारिओ यांना अहमदनगरच्या छावणीत ठेवलं गेलं, बाईंवर बंधनं आली, तरी त्यांनी भारतात शिक्षिकांमागून शिक्षिका घडवल्या. पण त्यांचा एक नियम पक्का होता: त्यांच्या पदविकेने शाळा काढता येई, दुसऱ्या शिक्षिका तयार करता येत नसत. तो अधिकार त्यांच्याकडे किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाकडेच राही. पद्धतीत भेसळ होऊ नये ही त्यामागची काळजी खरी होती. साधनं ठरलेली, त्यांचा क्रम ठरलेला, शिकवणाऱ्याचा अधिकार ठरलेला. पण हा नियम जसाच्या तसा पाळायचा, तर सातपुड्यातल्या किंवा डहाणूच्या पाड्यावरच्या बाईपर्यंत प्रशिक्षण कधी पोचणार? संघाच्या मंडळींनी दुसरी वाट धरली. बाईंचं तत्त्व घेतलं, मक्तेदारी घेतली नाही.

त्या वाटेची खरी परीक्षा १९४५ साली झाली. दादरला शिशुविहार चालवणाऱ्या ताराबाई त्या वर्षी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढायला गेल्या. साल लक्षात घ्या. त्याच वर्षी, त्याच टापूत, झरी गावच्या परिषदेनंतर वारल्यांनी वेठबिगारीला नकार दिला होता आणि गोदावरी परुळेकर पाडे पिंजून काढत होत्या. वारली आईबापांच्या अनुभवात लिहितावाचता येणारा माणूस म्हणजे जमीनदाराचा कारकून, सावकार नाहीतर जंगलखात्याचा शिपाई. अशा घरासमोर उभं राहून "तुमचं मूल आमच्याकडे पाठवा" म्हणणाऱ्या पांढरपेशा बाईवर कोणी का विश्वास ठेवावा?

ताराबाईंबरोबर तिथे गेलेल्या अनुताई वाघ तेव्हा ३५ वर्षांच्या होत्या. जन्म पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा, १९१०चा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य. त्यानंतर शिक्षण, खेड्यातली मास्तरकी, मग पुण्याच्या हुजूरपागेत दहा-अकरा वर्षं. बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात ताराबाई भेटल्या आणि त्या निघाल्या. पुण्यातली स्थिर नोकरी सोडून बोर्डीला जाणारी ही बाई एका अर्थाने पस्तिशीत पुन्हा उमेदवार झाली. पुढे कोसबाडच्या कामाच्या धबडग्यात, दृष्टी अधू होत असताना, पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी बी.ए. केलं. शिकणं म्हणजे कामाआधी उरकून टाकायची गोष्ट, हे त्यांना कधी मान्यच नव्हतं. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचं आत्मकथन मी याच नजरेने वाचते.

बोर्डीच्या बालवाडीत पाड्यावरची मुलं येईनात. कारणं शोधली तर ती आईबापांच्या आळसात सापडली नाहीत. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन फिरत होती, भाऊ गुरांमागे होता, आईबाप मजुरीला. मग शिक्षिकाच पाड्यावर गेल्या. कुणाच्या तरी अंगणात मुलं जमवायची, त्यांना अंघोळ घालायची, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, शिंपले, बिया, पानं, खडे घेऊन मोजायचं, रचायचं. ही अंगणवाडी. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. १९५७च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी आकाराला आली. धाकट्याला पाळणाघरात ठेवता आल्यावर बहिणीला वर्गात बसता आलं.

अंगणाचं महत्त्व मुलांपुरतं नव्हतं, आणि माझ्या लेखी हाच या गोष्टीचा गाभा आहे. अंगणात काम करणारी शिक्षिका दिवसभर आईच्या, आजीच्या, शेजारणीच्या नजरेसमोर असते. मुलाचं नाक पुसताना ती त्याच्याशी काय बोलते, ते हट्ट करतं तेव्हा हात उगारते की थांबते, हे सगळं घर पाहतं. पालकांचं शिक्षण तिथे व्याख्यानाशिवाय होतं. शिक्षिकेचंही होतं: घरात काय शिजतं, आई किती वाजता परतते, बाळ आजारी पडलं तर आधी कोणाकडे नेतात, हे कळल्यावर ती अशक्य सल्ले द्यायचं सोडते. आणि नवखी बाई हे सगळं अनुभवी ताईच्या शेजारी उभं राहून शिकते. मी पालकशिक्षकांच्या प्रशिक्षणावरचे अनेक आराखडे वाचले आहेत. याहून चांगला मला सापडलेला नाही.

२ ऑक्टोबर १९७५ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पहिल्या ३३ प्रकल्पांत मेळघाटातलं धारणी होतं. अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. अंगणात शिकण्याची रीत मात्र मागे राहिली. सेविकेला मानधन मिळालं मॅट्रिक असल्यास १५० रुपये, नसल्यास १००. आधी तीन महिन्यांचं असलेलं प्रशिक्षण पुढे कामकाजाच्या २६ दिवसांवर आलं. त्यात पोषण, लसीकरण, वजनकाटा, नोंदवह्या, शालापूर्व शिक्षण आणि पालकांचं समुपदेशन, सगळं बसवायचं. 'समुपदेशन' हा शब्द शासकीय पुस्तिकांत किती सहज येतो! मूल गमावलेल्या आईशी कसं बोलावं, सुनेला बोलू न देणाऱ्या सासूला कसं सोबत घ्यावं, हे फळ्यावर लिहून शिकवता येत नाही.

कमी शिकलेल्या बायकांना हे जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांना गडचिरोलीने कधीच उत्तर दिलं आहे. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायकांना आरोग्यदूत केलं. नवजात बाळाचं वजन, तापमान, श्वास मोजणं, आईला ऊब आणि स्तनपानाबद्दल सांगणं, जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणंही त्या शिकल्या. १९९९च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: हजार जन्मांमागे ६२ असलेले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी २५.५ वर आले होते. या यशाची चर्चा होते तेव्हा इंजेक्शनवर भर असतो. मला महत्त्वाचा वाटतो तो ठरावीक काळाने गावात येणारा पर्यवेक्षक, जो आरोग्यदूताबरोबर घरात जाई, तिच्या नोंदी तपासे आणि तिथल्या तिथे दुरुस्त करी. पुढे आशाताईंना घरभेटींचं काम शिकवताना २० दिवसांचं प्रशिक्षण पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत वाटलं गेलं, मधल्या काळात गावात सराव. या मांडणीमागचं शहाणपण अनुताईंना लगेच ओळखता आलं असतं.

जमैकातला दाखलाही याच दिशेचा आहे. १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत खुरटलेल्या १२९ मुलांवर अभ्यास सुरू केला. काही घरांत आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जात, टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन आईला मुलाशी खेळायला लावत. दोन वर्षं. वीस वर्षांनी ती मुलं, तशाच पण भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा, सुमारे २५ टक्के जास्त कमावत होती. या सेविका तज्ज्ञ नव्हत्या. त्यांच्या पाठीशी मात्र सतत कोणीतरी होतं.

आपल्याकडे कल्पनांची वाण नाही. सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेने 'आरंभ' या उपक्रमातून अंगणवाडीताईंना पालक मेळावे घ्यायला शिकवलं. पोषण अभियानात दर महिन्याला एकच विषय शिकायचा, महिनाभर घरभेटींत वापरायचा, मग पुढचा, अशी २१ पाठांची रचना आली. ती कागदावर उत्तम आहे. २०२४च्या 'नवचेतना' या सरकारी आराखड्यात तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी ३६ महिन्यांचं वेळापत्रक आणि १४० कृती आहेत. त्याच सुमाराच्या 'पोषण भी, पढाई भी' या प्रशिक्षणात सेविकांच्या वाट्याला आले तीन दिवस.

तीन दिवसांत १४० कृतींची यादी हातात देता येते. रडणाऱ्या बाळाच्या थकलेल्या आईला त्यातली कोणती आज सुचवायची आणि कोणती अजिबात नाही, हे ओळखायला शिकवता येत नाही. ते शिकवणारी व्यक्ती आपल्या व्यवस्थेत आहे: पर्यवेक्षिका. पण ग्रामीण भागात एका पर्यवेक्षिकेकडे वीस-पंचवीस अंगणवाड्या, आदिवासी भागात १७. तिचा वेळ माहिती गोळा करण्यात आणि वर पाठवण्यात जातो. ती सेविकेकडे येते तेव्हा तपासणीस म्हणून येते, ताराबाई अनुताईंना लाभल्या तशी वडीलधारी सहकारी म्हणून नाही.

म्हणून प्रशिक्षणाचे दिवस वाढवा, एवढीच मागणी मला अपुरी वाटते. पर्यवेक्षिकेच्या कामाचा निम्मा वेळ सेविकेबरोबर प्रत्यक्ष घरभेटींसाठी राखून ठेवा. भेटीनंतर दोघींनी बसून काय जमलं, काय अडलं यावर बोलावं, आणि त्या बोलण्याला नोंदवही नसावी. मासिक बैठकीतला अर्धा दिवस आकड्यांपासून मोकळा ठेवा. तिथे सेविकांनी एकमेकींना आपल्या गावातली घरं समजावून सांगावीत. आणि या बायकांना कामगार म्हणून पूर्ण मान द्या. २०२२च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य करताना त्यांच्या कामाचं मोल ओळखलं. वेतन ठरवणाऱ्यांनीही ओळखावं. दुसऱ्याच्या घरात जाऊन मूल वाढवण्याविषयी बोलण्याइतकं नाजूक काम दुसरं नाही. ते आयुष्यभर शिकत राहावं लागतं, आणि त्या शिकण्याचा खर्च उचलणं ही समाजाची जबाबदारी आहे.