सेलमधला काळा मसाला: डोंगरी बुजुर्गची गोष्ट

रेडिओ, टॉर्च, टेपरेकॉर्डर, वॉकमन, टीव्हीचा रिमोट, भिंतीवरचं घड्याळ, पोरांच्या खेळण्यातली मोटार या सगळ्यांचं घराघरांत कौतुक होतं. त्यांच्या कंपन्यांची नावं लोकांना तीस-तीस वर्षं आठवतात. ज्या दीड व्होल्टच्या सेलवर हे सगळं चालतं, तो मात्र संपला की उकिरड्यावर जातो. मला यंत्रांचा नाद शाळेपासूनचा. त्या नादापायी मी जुने रेडिओ जमवले, टॉकीजच्या ऑपरेटरांशी दोस्ती केली, हायवेवरच्या गॅरेजांमध्ये उघडलेले गिअरबॉक्स बघत तासन्‌तास उभा राहिलो. गॅजेट, सिनेमा आणि गाड्या या तिन्ही वाटांनी मी फिरत राहिलो आणि तिन्ही मला तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीपाशी घेऊन आल्या. गॅजेटांचा इतिहास लिहिताना जपान आणि अमेरिकेबरोबर भंडारा जिल्ह्याचंही नाव घ्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

भंडारा म्हटलं की लोकांना पितळेची भांडी, धानाची शेतं, तलाव आणि वैनगंगा आठवते. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यावर भंडारा, तुमसर, मोहाडी, लाखनी, साकोली, पवनी आणि लाखांदूर असे सात तालुके उरले. त्यातला तुमसर उत्तरेकडचा, मध्य प्रदेशाला लागून असलेला. जिल्ह्याची एवढी ओळख पुरे, आता सेल फोडू.

खरोखरच फोडू. संपलेला मोठा सेल दगडानं फोडला नाही असं पोर आमच्या भागात सापडणं कठीण. वरचा पत्रा सोलला की आत कागद, त्याच्या आत जस्ताचा डबा, डब्यात ठासून भरलेला काळाकुट्ट मसाला आणि मधोमध कार्बनची कांडी. त्या कांडीनं भिंतींवर रेघा मारायच्या, लंगडीचं घर आखायचं आणि मसाला फेकून द्यायचा, असा रिवाज होता. बहुतेकांना वाटतं की वीज त्या कांडीत असते. कांडी बिचारी नुसता रस्ता आहे. जस्ताचा डबा झिजतो आणि इलेक्ट्रॉन सोडतो. ते बाहेरच्या तारेतून, बल्बमधून फिरून कांडीवाटे मसाल्यात येतात. तिथे त्यांना सामावून घेणारा पदार्थ म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. तो नसेल तर सेल जेमतेम सुरू होऊन गुदमरेल. मँगनीज डायऑक्साइड स्वतः विजेचा चांगला वाहक नाही, म्हणून त्यात कार्बनची भुकटी मिसळतात आणि मसाल्याचा रंग आणखीच गडद होतो. ओलावा असतो तो नवसागराचा किंवा झिंक क्लोराइडचा. पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारे ज्या नवसागरानं भांडं घासायचे, तोच नवसागर. पितळेच्या आमच्या जिल्ह्यात तो घरोघरी ओळखीचा होता.

ही रचना फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशेची. त्यानं १८६६ साली हा सेल केला तेव्हा तो काचेच्या बरणीत, पातळ द्रावणात होता आणि तारयंत्रांसाठी वापरला गेला. १८८० च्या दशकात जर्मनीच्या कार्ल गासनरनं द्रावणाची घट्ट लापशी करून ती जस्ताच्या डब्यातच बंद केली आणि सेल खिशात घालता येऊ लागला. पुढे १९५० च्या दशकात लुईस अरी या कॅनडात जन्मलेल्या इंजिनिअरनं अल्कलाइन सेल व्यवहारात आणला. त्यात नवसागर गेला, जस्ताची भुकटी आली, जास्त टिकाऊपणा आला. मँगनीज डायऑक्साइड मात्र जागचा हलला नाही. दीडशेहून अधिक वर्षं आपली जागा राखणारा असा दुसरा पदार्थ गॅजेटांच्या जगात क्वचितच सापडेल.

आता थोडं उन्हाबद्दल. सेल उतरले की आमच्याकडे ते अंगणात उन्हात मांडायचे आणि संध्याकाळी परत रेडिओत घालायचे. शहरातले पाहुणे याला अंधश्रद्धा म्हणायचे. माझ्या मते ही खेड्यानं अनुभवातून शोधलेली पक्की रसायनविद्या आहे. सेल वापरात असताना मसाल्याच्या कणांच्या पृष्ठभागावर क्रिया साचते आणि आतला भाग मागे राहतो. विश्रांती मिळाली की आतला भाग पुढे सरकतो, आणि उष्णतेनं हे सरकणं वेग घेतं. नवी ऊर्जा येत नाही, पण अडकून राहिलेली थोडी हाती लागते. तेवढ्यावर रात्रीच्या बातम्या आणि एखादं गाणं निघून जायचं. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ पासूनचं. त्याच्या शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमांपासून ते रेडिओ सिलोनवरच्या अमीन सयानींच्या गीतमालेपर्यंत सगळं या सेलांच्या जिवावर गावात पोचलं. वीज आली ती फार नंतर, आणि आली तरी ऐन वेळी जायची.

हा मसाला येतो कुठून, याचं एक मोठं उत्तर डोंगरी बुजुर्ग. तुमसर रोडहून तिरोडीकडे रेल्वेची शाखा जाते. तिच्यावर गोबरवाही आणि डोंगरी बुजुर्ग ही स्टेशनं आहेत आणि मँगनीजनं भरलेल्या वाघिणी या मार्गावरचं रोजचं दृश्य. परवानगी काढून मी खाणीवर गेलो तेव्हा काठावर उभा राहून बराच वेळ काही बोललोच नाही. ही उघडी खाण आहे. जमीन प्रचंड पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरत जाते, पायऱ्यांवरून डंपर रांगेनं चढतात आणि लालसर-पिवळ्या खडकात मँगनीजचे काळे पट्टे लांबूनही ओळखू येतात. धातूपाषाणाचा तुकडा हातात घेतला की त्याचं वजन आधी जाणवतं. आकारानं मुठीएवढा, पण साध्या दगडापेक्षा कितीतरी जड. मऊ जातीचा असेल तर बोटं काजळीसारखी काळी होतात. हेच आपल्या लहानपणचे मसाल्यानं माखलेले हात. माल प्रतीप्रमाणे वेगळा करायचा, त्याचे चौकोनी ढीग लावायचे, नमुने तपासायचे, मग वाघिणीत भरायचा. मँगनीजच्या खाणींवर दगड हातानं निवडण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्यानं बायकांनी केलं आहे. नजरेनं आणि वजनानं प्रत ओळखणाऱ्या त्या हातांना मी कुठल्याही प्रयोगशाळेइतकाच मान देतो.

खाण मॉईल या सरकारी कंपनीची. तिचं मूळ १८९६ साली सुरू झालेल्या ब्रिटिश उद्योगात आहे. १९६२ मध्ये मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड स्थापन झाली, १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली, मुख्यालय नागपूरला. नागपूर, भंडारा आणि शेजारचा बालाघाट या पट्ट्यात तिच्या खाणी पसरल्या आहेत. भंडारा जिल्ह्यातली दुसरी खाण चिखला, ती भूमिगत. या पट्ट्यातल्या मँगनीजवर भूगर्भशास्त्रज्ञ ली फर्मर यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ आजही अभ्यासला जातो. मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झच्या इथल्या खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिलं. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ते नाव आहे.

डोंगरी बुजुर्गचं वेगळेपण असं की इथल्या मालात मँगनीज डायऑक्साइडचं प्रमाण चांगलं आहे आणि तो सेल बनवणाऱ्या कारखान्यांना चालतो. बाकीच्या खाणींचा बहुतेक माल पोलादाकडे जातो. पण नैसर्गिक डायऑक्साइडची एक अडचण आहे. रासायनिक सूत्र तेच असलं तरी त्याच्या स्फटिकांची रचना वेगवेगळी असते आणि सेलमध्ये प्रत्येक रचना सारखी चालत नाही. पायरोल्युसाइट हे सर्वांत स्थिर, म्हणूनच थोडं आळशी. सर्वांत चपळ रचना घानामधल्या न्सुता इथल्या खाणीत विपुल सापडली. तिथल्या खनिजाला न्सुटाइट म्हणतात आणि एके काळी जगभरचे सेलवाले त्यासाठी घानाकडे बघायचे. यावर उपाय म्हणजे ही चपळ रचना कारखान्यात घडवणं. डोंगरी बुजुर्गला मॉईलचा इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइडचा कारखाना आहे तो यासाठीच.

या पद्धतीत दगड भाजून त्यातला ऑक्सिजन कमी करतात, मग तो गंधकाम्लात विरघळवतात. मँगनीज सल्फेटचं द्रावण तयार होतं. त्यातलं लोह आणि इतर धातू काढून ते स्वच्छ करतात, कारण त्यांचा अंशही सेलला आतून पोखरतो. मग उकळत्या पाण्याच्या जवळपास तापलेल्या या द्रावणातून वीज सोडतात आणि धन पट्ट्यांवर मँगनीज डायऑक्साइडचा थर चढत जातो. दिवसेंदिवस चढलेला हा थर खरवडून, धुऊन, दळून भुकटी करतात. वीज साठवणारा पदार्थ विजेच्याच साहाय्यानं घडवायचा, या क्रियेनं मला कायम भारावून टाकलं आहे.

सिनेमाचा धागाही इथेच येऊन मिळतो. जुन्या टॉकीजमध्ये आणि जत्रेतल्या तंबूच्या टूरिंग टॉकीजमध्ये प्रोजेक्टरचा दिवा कार्बनचा असायचा. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरून त्यांच्या टोकांमध्ये विजेची ज्योत पेटवायची. कांड्या जळत जायच्या, म्हणून ऑपरेटरला त्या सतत पुढे सरकवाव्या लागत. नजर हटली की पडदा पिवळा पडायचा आणि खालून शिट्ट्या सुरू व्हायच्या. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चित्रांच्या वेगानं, म्हणजे मिनिटाला ९० फूट पळते. एका रिळात जेमतेम वीस मिनिटांचा सिनेमा मावतो. दोन प्रोजेक्टरांवर आलटून पालटून रिळं लावताना मधला सांधा प्रेक्षकाला कळू न देणं, हे ऑपरेटरचं कसब. माझ्या मते त्या काळच्या गावातला तो सर्वांत मोठा तंत्रज्ञ होता. उरलेल्या कांड्यांचे तुकडे आम्ही मागून घ्यायचो आणि सेलमधल्या कांडीशी जुळवून बघायचो. खाली अंधारात डोअरकीपर टॉर्च मारून जागा दाखवायचा, त्या टॉर्चमध्ये पुन्हा आपला मँगनीजचा मसाला.

दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. रात्रभराचं नाटक, पहाटेची परत वाट, धानाच्या बांध्या, साप-विंचवाची भीती. हातात तीन सेलांची पितळी बॅटरी असेल तरच बाई-माणूस निर्धास्त चालायचं. झाडीपट्टीच्या या रंगभूमीवर २०२२ साली ‘झॉलीवूड’ हा मराठी चित्रपट आला. त्या जगाची ऊर्जा बघायची असेल त्यांनी तो जरूर बघावा. रंगभूमीच्या इतिहासात नटांची आणि नाटककारांची नावं येतात. प्रेक्षकाला तिथवर सुखरूप आणणाऱ्या टॉर्चलाही त्यात एक ओळ मिळायला हवी.

गाड्यांचा विषय निघाला की आमच्याकडे गडेगावचं नाव निघणारच. नागपूर-रायपूर हायवेवर लाखनीजवळ अशोक लेलँडचा कारखाना १९८२ पासून आहे. ट्रकचे गिअरबॉक्स इथे बनतात आणि चासी जुळवल्या जातात. नुसत्या चासीवर, उघड्या हवेत बसून, तोंडाला गमछा बांधून गाडी पोचवायला निघालेले ड्रायव्हर या रस्त्यावर दिसतात. मला त्यांचा फार आदर वाटतो. इकडे भंडारा रोड स्टेशनजवळ वरठीला सनफ्लॅगचा कारखाना वाहन उद्योगाला लागणारं खास पोलाद बनवतो. या दोन्हींच्या मुळाशी परत मँगनीज. पोलादातलं गंधक लोहाशी जुळलं तर तापलेलं पोलाद ठिसूळ होतं. मँगनीज ते गंधक आपल्याकडे ओढून घेतं. शिवाय कणखरपणा वाढवतं. गिअरसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या २० एमएन सीआर ५ या पोलादात सव्वा टक्क्याच्या आसपास मँगनीज असतं. म्हणजे घाटात गिअर बदलताना जो दात तुटत नाही, त्यात या धातूचा हात आहे.

इलेक्ट्रिक गाड्या आल्या म्हणून हा धातू मागे पडेल असं कुणाला वाटत असेल, तर चित्र उलट आहे. अनेक लिथियम बॅटऱ्यांच्या धन टोकात निकेल आणि कोबाल्टच्या जोडीला मँगनीज असतं. जॉन गुडइनफ आणि मायकेल थॅकरे यांनी १९८० च्या दशकात मँगनीजवर चालणारी लिथियम बॅटरी शक्य असल्याचं दाखवलं. गुडइनफना २०१९ साली नोबेल मिळालं. या बॅटऱ्यांसाठी लागतं अतिशुद्ध मँगनीज सल्फेट. सेलचा मसाला बनवताना वाटेत तयार होतं ते सल्फेटच. म्हणून तुमसरच्या पट्ट्यात या शुद्धीकरणाचं मोठं काम उभं राहायला हवं, असं मी मनापासून म्हणतो. आमची माती दुसरीकडे जावी आणि बॅटरी होऊन महाग दरानं परत यावी, हे किती दिवस चालवायचं?

वाचकांना काही विनंत्या. दिवाळीच्या आवराआवरीत जुना रेडिओ किंवा टॉर्च सापडली तर आधी त्यातले सेल काढा. जस्ताचा डबा झिजून भोक पडलं की आतलं द्रावण पितळेच्या पट्ट्या खाऊन टाकतं आणि चांगलं यंत्र कायमचं जातं. संपलेले सेल चुलीत किंवा शेकोटीत टाकू नका. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तिचा आग्रह धरा. आणि भंडारा जिल्ह्यातल्या शिक्षकांनो, विज्ञानाच्या पुस्तकातला विद्युत घट शिकवून झाला की मुलांची एक सहल रीतसर परवानगी काढून डोंगरी बुजुर्गला न्या. पुस्तकातल्या त्या काळ्या मसाल्याची खाण आपल्याच जिल्ह्यात आहे, हे त्यांना त्यांच्या डोळ्यांनी बघू द्या.