जीर्ण वृक्कविकारातील थकवा : बल्य औषधापूर्वी कारणमीमांसा

‘अंगात त्राण उरले नाही, काहीतरी शक्तीचे द्या’ ही मागणी चिकित्सकास आणि औषधविक्रेत्यासही नित्य परिचयाची आहे. मात्र ती करणारा रुग्ण जीर्ण वृक्कविकाराने ग्रस्त असेल, तर बल्य औषध देण्यापूर्वी थकव्याचे कारण शोधणे अनिवार्य ठरते.

सुश्रुताचार्यांनी क्लमाचे वर्णन करताना तो आयासाविना उत्पन्न होतो व त्यात श्वास नसतो, असे म्हटले आहे. हा भेद व्यवहारात मोलाचा आहे. थकव्यासोबत धाप लागत असेल, तर तो केवळ क्लम न समजता पांडुता, हृद्रोग किंवा शरीरातील जलसंचय यांचा विचार प्रथम करावा.

वृक्कांत निर्माण होणारे एरिथ्रोपोएटिन रक्तकणनिर्मितीस चालना देते. ते उणावल्यास पांडुता येते. लोहन्यूनतेने ती वाढते. याखेरीज रक्तातील आम्लता, अरुचीमुळे घटलेला आहार, अल्पनिद्रा, विषाद आणि रक्तदाबाची काही औषधे हीदेखील थकव्याची कारणे होत. डायलिसिसनंतर काही तास येणारी ग्लानी वेगळी ओळखावी. म्हणून हिमोग्लोबिन, फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, क्रिएटिनीन, पोटॅशियम, बायकार्बोनेट व थायरॉइड यांचे अहवाल पाहावेत. पांडुता दिसताच लोहकल्प देऊ नयेत. रुग्णास शिरेतून लोह दिले जात असल्यास ते अतिरिक्त होण्याची भीती असते.

येथे आमचीच एक चूक नमूद करणे उचित होईल. मधुमेहजन्य वृक्कविकाराचा पन्नाशीतील एक रुग्ण आमच्याकडे दोनदा येऊन गेला होता. थकव्यासाठी तो परस्पर क्षारयुक्त चूर्ण व रोज शहाळ्याचे पाणी घेत असे. आम्ही ते विचारले नाही. तिसऱ्या वेळी पाय लुळे पडल्यासारखे वाटतात म्हणून तो आला, पोटॅशियम ६.४ निघाले. त्यास तत्काळ रुग्णालयात पाठविले, म्हणूनच तो वाचला. तेव्हापासून ‘आणखी काय घेता?’ हा प्रश्न आम्ही कधीही वगळत नाही.

औषधविक्रेत्यांनीही हाच प्रश्न विचारावा. यवक्षारादी क्षारांत पोटॅशियम, तर लवणयुक्त चूर्णांत सोडियम असते. ज्येष्ठमधाच्या दीर्घ सेवनाने रक्तदाब व शोथ वाढतो. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत अवलेहातील शर्करा विचारात घ्यावी. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदीय उत्पादनांपैकी सुमारे एकपंचमांश उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले होते. तेव्हा वृक्करुग्णास रसकल्प व अज्ञात निर्मात्याची औषधे देऊच नयेत.

चिकित्सेत आहारास अग्रस्थान द्यावे. वृक्कविकार म्हणताच डाळ, दूध सर्वच बंद करणे हे बलक्षयाचे एक मोठे कारण आम्हांस दिसते. डायलिसिस नसलेल्या रुग्णास प्रथिने प्रतिकिलो वजनास ०.८ ग्रॅम, तर डायलिसिस चालू असलेल्यास १ ते १.२ ग्रॅम लागतात. अग्निबल पाहून आहार थोडा थोडा, विभागून द्यावा. व्यायाम अर्धशक्तीनेच करावा; प्रारंभी दहा मिनिटे सपाट जागी चालणे पुरेसे असते. दिवसा झोप टाळून रात्रीची निद्रा सुधारावी.

वृक्करोगतज्ज्ञांनी सुरू केलेले एरिथ्रोपोएटिन किंवा लोह आपण बंद करू नये. आपले प्रत्येक औषध त्यांना लेखी कळवावे. रुग्णास बल देण्याइतकेच त्याचे उरलेले वृक्कबल राखणे हेही आपलेच कर्तव्य आहे.